मुहूर्ताचा कोपरा

मी धुम्मस आहे, मित्रांनो. जुना, जाडजूड आणि सध्या रिकामा. तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिलं असेल कोण जाणे! पाहिलं असलं तरी ओळखलं नसेल. खाली चौकोनी लोखंडी ठोकळा आणि वर माणसाच्या छातीपर्यंत येणारा बाभळीचा दांडा, एवढाच माझा थाट. मला दोन्ही हातांनी उचलायचं आणि जमिनीवर आपटायचं. घराच्या पायात भरलेली माती किंवा मुरूम मी चोपून चोपून घट्ट करतो. थापी भिंतीवरून मिरवते, ओळंबा दोरीला लटकून सगळ्यांच्या चुका काढतो, रंगाच्या ब्रशचं तर शेजारीपाजारीसुद्धा कौतुक करतात. माझं काम मात्र झाल्याझाल्या मातीआड होतं. घरभरणीला आलेला पाहुणा जमिनीकडे बघून 'वा, काय चोपलंय!' असं म्हणाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

ही तक्रार समजू नका. माझा स्वभावच जरा ठोक आहे, मनात आलं ते बोलून मोकळा होतो. पण आज मला माझं कौतुक सांगायचं नाही. एका कोपऱ्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायची तर थोडं माझ्याबद्दल सांगणं आलंच.

माझा जन्म सास्तूरचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर हे गाव नव्याने उभं राहत होतं, त्या दिवसांतला मी. वेल्डिंगच्या दुकानाबाहेर भंगारात एक जाड लोखंडी ठोकळा पडून होता. माणिकप्पा नावाच्या तरुण गवंड्याने तो पायाने ढकलून पाहिला. तो हलला नाही, म्हणूनच त्याला पसंत पडला. दुकानदाराने वर नळीचा तुकडा जोडून दिला आणि माणिकप्पाने आपल्या बांधावरच्या बाभळीचा दांडा त्यात ठोकून बसवला. दांडा पुढे कितीदा तरी मोडला आणि बदलला. ठोकळा मात्र अजून तोच आहे, हे मी छाती फुगवून सांगतो.

माणिकप्पाच्या घरात निम्मी मराठी चालायची, निम्मी कानडी. सकाळी काम सुरू करण्याआधी तो स्वतःच्या कपाळाला विभूती लावायचा आणि बोटांना उरलेली माझ्या लोखंडावर ओढायचा. मला कपाळ कुठलं! पण त्याला ते दिसत असावं. जमीन मनासारखी बसली की त्याच्या तोंडून नकळत 'हौदू' निघायचं. कानडीत हौदू म्हणजे होय. तीच माझी शाबासकी होती. एखादा दिवस हौदू न ऐकता मावळला, तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

सास्तूरच्या त्या दिवसांत मला जेवढा मान मिळाला तेवढा नंतर कधीच मिळाला नाही. लोक तेव्हा भिंतीची उंची विचारत नसत. येता-जाता पायाच्या चरात डोकावून विचारत, "दाबलं का वो नीट?" महांतप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ तर रोज येऊन चराच्या काठावर बसायचे. ते कुणाशी फारसं बोलत नसत. भूकंपात त्यांचं काय काय गेलं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नसे. एक दिवस ते उठले, माणिकप्पाच्या हातून त्यांनी मला घेतलं आणि चरात उतरून स्वतः चोपायला लागले. दमल्यावर काठावर बसून म्हणाले, "आता झोप यील." मित्रांनो, त्या शब्दांनी मला माझं काम कळलं. मी माती दाबतो असं तोवर मला वाटत होतं.

पुढे वर्षं गेली. माणिकप्पा गावोगावी कामं घेऊ लागला, त्याच्या डोक्याचे केस पांढरे झाले, आणि मी त्याच्या मोटारसायकलला आडवा बांधलेला जिल्हाभर हिंडलो. आमच्याकडे बहुतेक काळी माती. तिच्याशी माझी पक्की ओळख. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगून बसते. नखरेल आहे, पण एकदा तिचे नखरे पाठ झाले की फसवत नाही. मला वाटायचं, जमीन म्हणजे काय ते आपल्याला आता कळलं. तो तोरा तेरला उतरला.

तेर हे तेरणा नदीकाठचं मोठं गाव. तिथले आण्णासाहेब म्हणजे मध्यम शेती असलेले, घाईचे आणि हसतमुख गृहस्थ. भावकीत घराची वाटणी झाली, तेव्हा त्यांच्या वाट्याला नदीच्या अंगाची मोकळी जागा आली. जागा देखणी होती. एक डेरेदार कडुलिंब, दिवसभर वारा, समोर नदीचं पात्र. पण जमीन होती रेताड. कुठल्या जुन्या काळी नदीने तिथे वाळू आणून टाकली असेल ती असेल. मूठभर उचलली की बोटांमधून निसटून जायची.

माणिकप्पाने तिथे मला पहिल्यांदा आपटलं आणि माझी चांगलीच फजिती झाली. मी खाली गेलो, वाळू चारी बाजूंनी वर आली. दुसऱ्यांदा आपटलं, तर पहिली खळगी बुजली आणि शेजारी नवी झाली. कितीही मारा, तिच्यावर काही परिणामच नाही! वाळू वाईट असते असं मात्र समजू नका. ती ओली करून चारी बाजूंनी धरून ठेवली, तर घराचं ओझं मुकाट्याने सोसते. पण तिला निसटायला एक फट मिळाली, की ती थांबत नाही आणि वरच्या माणसांना सांगतही नाही.

अक्षय तृतीयेला मुहूर्त ठरला. पेरणीच्या आधी शेतकऱ्याला तेवढाच मोकळा वेळ असतो. घराच्या एका कोपऱ्यात पूजेचा खड्डा खणायला घेतला. माणिकप्पाला तो खोल न्यायचा होता, पण खणावं तेवढी वाळू बाजूने आत घसरत होती. तिकडे भटजी घड्याळ बघत होते. खड्डा गुडघ्याएवढा झाला, तेव्हा आण्णासाहेब म्हणाले, "मिस्तरी, वेळ निघून चालली. आता पूजा उरकू, खोलीचं मागनं बघू." माणिकप्पानेही मान हलवली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

खाली पाच दगड मांडले. त्यांतला मधला काळाकुळकुळीत दगड आण्णासाहेबांनी स्वतःच्या शेताच्या बांधावरून आणला होता. त्यावर तांब्याचा कलश, सुपारी, हळकुंड, चांदीचा नाग, मूठभर धान्य. सगळ्यावर वाळू लोटून वर वीतभर जाडीचं काँक्रीट टाकलं, कारण मुहूर्ताचा खड्डा उघडा ठेवत नाहीत. मग मला हळदकुंकू लावून आण्णासाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी मला उचललं ते तिरकंच आणि आपटलंही तिरकं. ओल्या काँक्रीटवर माझ्या चौकोनाचा वाकडा ठसा उमटला.

"आवो, सरळ मारा की! घर बी असंच वाकडं बांधताव का काय?" असं म्हणत त्यांची बायको धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आण्णासाहेबही हसले. हसता हसता त्यांना दुसरा ठोका देताच आला नाही. माणिकप्पा ठसा पुसायला पुढे झाला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमची सही हाय ती." सगळे पेढे खाऊन घरी गेले. मी मात्र त्या एका ठोक्यात ओळखलं होतं, की खाली काहीच पक्कं नाही. पण मला तोंड कुठं आहे?

पेरणी आली, काम दिवाळीनंतरवर गेलं. त्याच वर्षी दिवाळी झाली आणि आण्णासाहेब एका रात्री झोपेतच गेले.

वर्ष सरल्याशिवाय घराचं काम काढायचं नाही, असं ठरलं. आमच्याकडे तशी रीतच आहे. मुहूर्त केलेलं हत्यार काम पुरं होईपर्यंत जागेवरून हलवायचं नाही, ही माणिकप्पाची स्वतःची रीत. म्हणून मी तिथेच लिंबाला टेकून उभा राहिलो. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, अंगावर तांबूस गंज चढला. एक सरडा माझ्या दांड्यावर हक्काने बसायचा. त्या वर्षात त्या जागेवर माणूस असं एकच यायचं, धुरपदाबाई. शेतातून परत जाताना त्या वाट वाकडी करून येत. वाऱ्याने त्या कोपऱ्यावर वाळू येऊन साचलेली असे, ती हाताने झाडत. वाकडा ठसा मोकळा झाला की त्याच्या शेजारी थोडा वेळ बसत. कधी एकट्याच बोलत. "कापूस बरा निघालाय", "आपल्या रणधीरचा फोन आला व्हता", असलंच काहीतरी. मग गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि घरी जात. मी कितीतरी घरांचे पाये चोपले, पण घर उभं राहण्याआधी त्यात कुणी असं राहायला आलेलं मी पाहिलं नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं, उन्हाळा लागला आणि काम सुरू झालं. धाराशिवला नोकरी करणारा त्यांचा मुलगा रणधीर शिवप्रिया नावाच्या इंजिनिअर बाईंना घेऊन आला. त्यांनी आणि माणिकप्पाने मिळून आधी एक खड्डा घेऊन जमीन तपासली. माणूसभर खोलीपर्यंत नुसती वाळू आणि तिच्याखाली कठीण मुरूम. दोघांचं लगेच एकमत झालं. घर खांबांवर उभं करायचं आणि प्रत्येक खांब वाळूतून पार खाली नेऊन मुरमावर ठेवायचा. वाळू ढासळू नये म्हणून खड्ड्यांना आतून फळ्यांचा आधार द्यायचा. मग जमिनीलगत सगळे खांब एकमेकांना आडव्या तुळईने बांधून टाकायचे, म्हणजे घर एकजीव राहतं. मला हे सगळं लई आवडलं. वाळूने केलेली माझी फजिती मी विसरलो नव्हतो.

तीन कोपऱ्यांचे खड्डे मुरमापर्यंत गेले. मधल्या खांबांचेही झाले. राहिला चौथा कोपरा, मुहूर्ताचा. माणिकप्पाने पहार घेतली आणि धुरपदाबाई पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्या कोपऱ्याला हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई, बाकीचं घर मुरमावर आणि हा एक कोपरा वाळूवर कसा चालंल?" रणधीरने विचारलं.

"मुहूर्ताचा दगड कुणी उकरतं का? विचार की मिस्तरीला."

माणिकप्पाने पहार खाली ठेवली. त्याच्याही हाताला ते पटत नव्हतं. झाकलेली पूजा उघडल्याचं त्याने उभ्या जन्मात कधी ऐकलं नव्हतं. शिवप्रियाताईंनी आवाज न चढवता समजावलं, "काकू, तीन कोपरे जागेवर राहतील आणि हा एकटा खाली जाईल. आज नाही, दोन-चार पावसाळ्यांनी. मग इथून भिंत तडकेल." मग थोडा विचार करून त्यांनी एक वाट सुचवली, "हवं तर खांब आत घेऊ. घर थोडं लहान होईल आणि हा कोपरा आहे तसा बाहेर अंगणात राहील."

"म्हंजी घर आतमधी आणि घरधनी भाईर?" धुरपदाबाईंनी विचारलं. त्या रणधीरकडे वळल्या. "ह्यांनी ह्या घराचं एवढंच केलंय रे. बाकी समदं आता तूच करणार. एवढं तरी त्यांचं ऱ्हाऊ दे."

रणधीर नदीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी काम लवकर थांबलं.

दुसऱ्या दिवशीही ते पुढे सरकलं नाही. इकडे आकाशात ढग जमायला लागले होते. पाऊस आला असता तर खणलेले सगळे खड्डे वाळूने भरले असते आणि घर आणखी एक वर्ष लांबलं असतं. रणधीर आईला जबरदस्ती करू शकत नव्हता आणि कच्च्या कोपऱ्यावर घरही उभं करू शकत नव्हता. माणिकप्पा लिंबाखाली नुसता बसून होता. मधूनच माझ्याकडे बघायचा. शेवटी तो उठला, कोपऱ्याजवळ गेला आणि त्या काँक्रीटच्या एका बाजूची वाळू त्याने हाताने अलगद दूर केली. काँक्रीटच्या ठोकळ्याला धक्का लागू दिला नाही. मग त्याने मला आणून धुरपदाबाईंसमोर उभं केलं.

"आक्का, म्या काय उकरायला सांगत न्हाय. तुमी सवता एक डाव मारून बघा."

"म्या? त्यांच्या दगडावर?"

"त्यांनी बी ह्यानंच मारलं व्हतं की. त्यांच्या ठोक्यावर तुमचा ठोका. हळूच मारा."

धुरपदाबाईंनी माझा दांडा धरला. त्यांच्या तळव्यांना घट्टे होते, पकड पक्की होती. त्यांनी मला सरळ उचललं आणि नेमकं त्या वाकड्या ठशावर सोडलं. मित्रांनो, पक्क्या जमिनीवर पडलो की माझ्या अंगातून एक खणखणीत आवाज जातो आणि तो उचलणाऱ्याच्या खांद्यापर्यंत पोचतो. तिथे तसं काही झालं नाही. भदकन् आवाज आला, काँक्रीटचा ठोकळा एका बाजूला कलला आणि त्याच्याखालून वाळू बारीक धारेने बाहेर वाहू लागली. धार थांबेना. थोड्या वेळात काँक्रीटच्या खाली हाताची बोटं जातील एवढी पोकळी दिसू लागली.

धुरपदाबाईंनी मला बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता या रडतील. वर्षभर ज्या दगडाला त्या धरून बसल्या होत्या, तो असा आधाराशिवाय होता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ते त्यांना माझ्याच ठोक्याने कळावं याचं मला फार वाईट वाटलं. पण त्या रडल्या नाहीत. खाली बसून त्यांनी त्या पोकळीत हात घातला आणि वर बघून माणिकप्पाला विचारलं, "ह्यांना हे ठावं असतं, तर ह्यांनी काय केलं असतं वो?"

"कुणाची वाट न बघता उकरलं असतं, आक्का. लई घाईचा माणूस."

धुरपदाबाई हसल्या. डोळे भरलेले आणि तरी हसल्या. "व्हय. मला शिव्या देत उकरलं असतं. पण मिस्तरी, उकरलेलं फेकायचं न्हाय."

"फेकतो कशाला? हे समदं खाली मुरमावर नेऊन ठिवू. आणि त्याच्यावरनंच खांब उठवू."

"असं चालतं का?"

माणिकप्पाने पहार आणून त्यांच्यासमोर ठेवली. मग म्हणाला, "वर ठिवलेलं चालतं, तर खाली ठिवलेलं का चालू न्हाय?"

पहिली पहार धुरपदाबाईंनी लावली. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. ठोकळा सुटा झाल्यावर मात्र तो उचलायला माणसं लागली. दोर बांधून त्याला अखंड बाजूला काढलं आणि लिंबाच्या सावलीत ठेवलं. खालचे दगड निघाले. कलश हिरवा पडला होता, धान्याची काळी भुकटी झाली होती, चांदीचा नाग वाळूत रुतून तिरका झाला होता. धुरपदाबाईंनी एकेक वस्तू पाण्याने धुऊन पदराने पुसली आणि सुपात मांडून ठेवली. बांधावरचा तो काळा दगड त्यांनी मांडीवरच घेतला. खड्डा खोल जाईपर्यंत त्या तो तसाच घेऊन बसल्या होत्या.

फळ्या लावत, वाळू काढत माणसं मुरमापर्यंत पोचली. तेव्हा धुरपदाबाई शिडीकडे निघाल्या.

"आई, तू उतरू नको," रणधीर घाबरून म्हणाला. "वाळूचा काय भरवसा?"

"फळ्या नीट लावल्यात न्हवं? आँ? मग? तुमी उतरला तवा कुणी भ्यालं न्हाय," असं म्हणून त्या पदर खोचून उतरल्यासुद्धा. माणिकप्पा मला घेऊन मागोमाग उतरला. तळाच्या मुरमावर पाणी शिंपडलं आणि धुरपदाबाईंनी मला उचललं. काय सांगू! एवढ्या वर्षांत मी असा वाजलो नव्हतो. आवाज फळ्यांवरून फिरत वरपर्यंत गेला. वरून वाकून बघणारी माणसं नुसती 'वा वा' करू लागली.

"हौदू," माणिकप्पा म्हणाला.

"म्हंजी?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"म्हंजी बसलं."

मग तिथे पुन्हा ते पाच दगड मांडले. मधला त्यांचा. कलश, सुपारी, हळकुंड, नाग सगळं आपल्या जागी ठेवलं, धान्य मात्र नवं आणलं आणि भोवती मुरूम भरला. वर दोरांनी धरून तो काँक्रीटचा ठोकळा हळूहळू खाली सोडला. ठसा वरच्या अंगालाच होता. या खेपेला भटजीही होते, पण त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "झालं का तुमच्या मनासारखं?" धुरपदाबाई म्हणाल्या, "झालं." मग शिवप्रियाताईंनी जवळ उभं राहून त्यावर खांबाचा पाया भरून घेतला. त्यात ठोकळा, ठसा सगळं झाकलं गेलं. धुरपदाबाई तोवर शिडीजवळ उभ्या होत्या. ठसा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी एकदा डोळे मिटले.

त्यानंतरचं काम भराभर झालं. घराच्या पोटात मुरूम भरून तो ओला करून दाबायचा होता. त्यासाठी रणधीरने भाड्याने दाबायचं मशीन आणलं. ते धडधडत आलं आणि माझं आठवड्याचं काम त्याने एका दिवसात उरकलं. खरं सांगतो, मला ते टोचलं. पण काम चांगलं केलं त्याने, त्याला नाव ठेवणार नाही. जिथे त्याचं अंग मावत नव्हतं, अशा अडचणीच्या जागी थोडा थोडा मुरूम टाकून मी चोपत गेलो. घराभोवती दगडी फरसबंदी केली आणि छपराचं पाणी लांब काढून दिलं, म्हणजे पावसाने पायाजवळची वाळू धुपणार नाही. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा तुळई बांधून झाली होती.

घरभरणीच्या दिवशी माणिकप्पा जेवून निघाला तो मला न घेताच. त्याचे गुडघे आता दुखतात, मोठी कामं तो घेत नाही. जाताना माझ्या लोखंडावर विभूतीची बोटं ओढून म्हणाला, "आक्का, ह्याला आता हितंच ऱ्हाऊ द्या." त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र मोटारसायकलचा आवाज विरून जाईपर्यंत ऐकत राहिलो. तीस वर्षांचा सहवास होता, मित्रांनो. मला त्याची अजून रोज आठवण येते. सकाळी विभूतीचा वास आला नाही, की दिवस उगवल्यासारखाच वाटत नाही.

आता मी मागच्या दाराशी भिंतीला टेकून असतो. कुणी माझ्यावर ओलं फडकं वाळत घालतं, कधी दाराला अडसर म्हणून मला सरकवतात. गंज वाढतोय. कधी एखाद्याने तेलाचा हात फिरवला तर बरं वाटेल, नाही असं नाही.

गेल्या पावसाळ्यात तेरणा चढली. पाणी घरापर्यंत आलं नाही, पण काठाच्या अंगाने जमीन बरीच ओली झाली आणि आसपासच्या दोन-तीन आवारभिंती बसल्या. पाणी उतरलं त्या सकाळी रणधीर सुट्टी काढून आला आणि घराभोवती फिरून प्रत्येक भिंतीवर तडा शोधू लागला. धुरपदाबाईंनी एकही भिंत पाहिली नाही. त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या, फरशीवर बसल्या आणि त्यांनी आपला तळवा जमिनीवर टेकवला.

रणधीर दारात येऊन म्हणाला, "आई, कुठं बी काय झालं न्हाय. समदं शाबूत हाय."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हाईत ते जाग्यावर."

मित्रांनो, मी जमीन चोपणारा. मला मोठमोठ्या गोष्टी कळत नाहीत. पण एवढं कळलं आहे, ते तुम्हाला सांगतो. आपल्या माणसाने मायेने करून ठेवलेलं काही तुमच्याकडे असेल आणि ते कच्चं आहे असं कधी लक्षात आलं, तर त्याच्याकडे डोळेझाक करू नका आणि ते उचलून फेकूही नका. स्वतःच्या हाताने ते उकरा, धुऊन पुसून घ्या आणि आणखी खोल, पक्क्या जागी नेऊन ठेवा. मग त्यावर तुमचं घर बांधा.